चर्चनं मुलावर टाकलेला विश्वास शाळेनंही टाकावा
वसई धर्मप्रांतातल्या कॅथॉलिक प्राथमिक शाळांच्या व्यवस्थापकांना आणि मुख्याध्यापकांना खुलं पत्र

आदरणीय फादर, सिस्टर आणि मुख्याध्यापक मंडळी,



जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा तुमच्या फाटकातून पहिलीची नवी मुलं आत येतील. त्यातली बरीचशी सातवीपर्यंत तुमच्याकडेच असतील. या काळात ती वाचायला शिकतील, गणितं सोडवतील, इंग्रजीत बोलू लागतील, प्रार्थना पाठ करतील. या सगळ्याची नोंद प्रगतिपुस्तकात होते. पण मूल स्वतःचं दप्तर कधी भरायला लागलं, न समजलेलं विचारायला त्यानं पहिल्यांदा हात कधी वर केला, चूक झाल्यावर कुणी दटावायच्या आत ती कधी कबूल केली, धाकट्याला कधी सांभाळून घेतलं, याची नोंद कुठेच होत नाही. माझ्या मते कॅथॉलिक प्राथमिक शाळेचं कामकाज जोखायचं असेल तर ते या न लिहिलेल्या नोंदींवरून जोखायला हवं. आणि त्यात आपण मागे पडत चाललो आहोत, म्हणून हे पत्र.

मी वसईतल्या अशाच एका शाळेत शिकले आणि पुढे नोकरीचा सगळा काळ प्राथमिकच्या वर्गांत गेला. आता निवृत्त आहे. वाडीत फुलं खुडणाऱ्या, बंदरावर मासळी निवडणाऱ्या बायकांच्या मुलींना या शाळांनी अक्षर दिलं, ते माझ्या डोळ्यांदेखत. मुलगी चार दिवस दिसली नाही की तिच्या घरी चौकशीला जाणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. त्या शाळांची मी ऋणी आहे. परक्यासारखी तक्रार करायला मी आलेली नाही, घरातल्या माणसाच्या हक्कानं बोलते आहे.

सुरुवात चर्चच्याच एका निर्णयापासून करते. ८ ऑगस्ट १९१० रोजी पोप दहावे पायस यांच्या संमतीनं ‘क्वाम सिंग्युलारी’ नावाचा आदेश निघाला. तोवर बऱ्याच ठिकाणी मुलांना दहाव्या, बाराव्या, कुठे कुठे तर चौदाव्या वर्षापर्यंत प्रथम कम्युनियनसाठी थांबावं लागे. मुलाला सगळं धर्मज्ञान आल्याशिवाय कम्युनियन कसं द्यायचं, असा मोठ्यांचा विचार असे. या आदेशानं ती पद्धत मोडीत काढली. साधारण सातव्या वर्षी मुलाला बरं-वाईट कळू लागतं, तेवढं पुरे, असं त्यात ठरवलं. सगळं ज्ञान आधी यायला हवं अशी अट नाही. मूल पुढे आपल्या कुवतीप्रमाणे हळूहळू शिकत जाईल, असंही म्हटलं. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतही सात वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला विवेक आला आहे असं गृहीत धरलं आहे.

हा निर्णय किती धाडसी आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रथम कम्युनियनच्या आधी मूल पहिल्यांदा कुमसाराला, आपली पापं कबूल करायला, जातं. आई बाहेर बाकावर बसते. वडील बाहेर. टीचर बाहेर. आत फक्त मूल आणि फादर. काय सांगायचं, ते मुलानंच आपल्या मनात डोकावून ठरवायचं. तिथे बोललेलं फादर जन्मात कुणाला सांगणार नाहीत, आईबापालाही नाही. जगातली इतकी जुनी, इतकी शिस्तप्रिय संस्था आठ वर्षांच्या मुलाला सांगते की तुझ्या वागण्याचा न्याय आधी तूच कर. मुलाच्या स्वतंत्र बुद्धीवर याहून मोठा विश्वास मला तरी ठाऊक नाही.

आणि तेच मूल सोमवारी शाळेत येतं, तेव्हा आपण त्याच्यावर किती विश्वास टाकतो? दप्तर आजीनं भरलेलं असतं आणि वर्गाच्या दारापर्यंत तिनंच उचलून आणलेलं असतं. प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहून दिलेली असतात, त्यातला शब्द बदलला तर गुण कापले जातात. ‘माझी आई’ हा निबंधसुद्धा लिहून दिला जातो आणि सगळ्या वह्यांत एकच आई उतरते. ज्याची आई रात्रपाळी करून सकाळी घरी येते, जिची आई वसईची भाजी घेऊन पहाटेच्या लोकलनं मुंबईला जाते, ज्याला आईच नाही, ती मुलं त्या दिवशी गुणांसाठी खोटं लिहायला शिकतात. धर्मशिक्षणाच्या तासाला आपण खरेपणा शिकवतो आणि मराठीच्या तासाला तो पुसून टाकतो.

शिकणं आणि स्वतःच्या पायावर उभं राहणं या दोन गोष्टी प्राथमिकच्या वर्षांत वेगळ्या काढताच येत नाहीत. म्हणून इयत्तांच्या क्रमानंच बोलते.

बालवर्गात आणि पहिलीत स्वातंत्र्य हातापायांत असतं. डब्याचं झाकण, बाटलीचं बूच, शर्टाचं बटण, बुटाची नाडी. पावसाळ्यातली एक सकाळ आठवते. पहिलीतला एक मुलगा रेनकोटच्या गुंड्या काढत दारात उभा होता. बोटं ओली, गुंड्या घट्ट. मागे पाच-सहा मुलं खोळंबली होती. मदतनीस बाई त्याच्याकडे वळल्या, पण त्यानं मान हलवून नको म्हटलं. वरची निघाली, मधली निघेना. त्यानं रेनकोट तसाच डोक्यावरून ओढून काढला, उलटा झालेला सरळ केला आणि खिळ्याला अडकवला. मग मागच्या मुलीला म्हणाला, “वरची काढ, की मग डोक्यातनं निघतो.” त्या दोन-तीन मिनिटांत त्यानं एक अडचण सोडवली, दुसरा मार्ग शोधला आणि तो दुसऱ्याला शिकवला. बाईंनी भराभर गुंड्या काढून दिल्या असत्या तर रांग लवकर सरकली असती, एवढंच.

मारिया माँटेसोरी यांनी सगळं आयुष्य हेच सांगितलं. त्या श्रद्धावान कॅथॉलिक होत्या, डॉक्टर होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धाच्या काळात इथेच राहिल्या. त्यांचा विचार आपल्या जिल्ह्यात तर फार सुंदर रुजला. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर बहरलं. महागडी साधनं परवडत नव्हती, तेव्हा त्यांनी बिया, शंखशिंपले, पानं, माती यांतून साधनं केली. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. डहाणू तालुक्यातलं कोसबाड आणि आपली वसई आज एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. आपल्या कितीतरी शाळांच्या बालवर्गांत माँटेसोरींचं नाव घेतलं जातं. त्याच वर्गांत ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हेही दिवसभर ऐकू येतं. आपल्या शिक्षिकांना एकदा कोसबाडला घेऊन जा. नव्या साधनांवर होणाऱ्या खर्चापेक्षा त्या एका दिवसाचा उपयोग जास्त होईल.

दुसरी-तिसरीत स्वातंत्र्य हातातून मनात उतरतं. मूल अक्षरं जुळवण्याच्या खटपटीतून सुटतं आणि वाचून काही कळून घेऊ लागतं. आपल्या शाळांत प्रथम कम्युनियनची तयारी साधारण याच सुमाराला सुरू होते, आणि हा योग फार मोलाचा आहे. त्या तयारीतला एक प्रसंग सांगते. कुमसारासाठी मुलांना पापांची एक यादी पाठ करायला दिली होती: मी खोटं बोललो, आईबाबांचं ऐकलं नाही, भावंडांना मारलं. सगळे सुरात म्हणत होते. एक मुलगी गप्प होती. विचारलं तर म्हणाली, “टीचर, मला भाऊबहीण नाहीच. मग मी काय सांगू?” जरा थांबून पुन्हा म्हणाली, “आणि माझं जे आहे, ते यात नाहीये.”

तिचं जे होतं ते काय, हे मी विचारलं नाही, ते विचारायचा मला अधिकार नव्हता. पण त्या वयाची मुलगी पाठ केलेल्या यादीपलीकडे जाऊन स्वतःच्या मनात पाहून आली होती. धर्मशिक्षणातला तो सर्वांत मोठा धडा होता आणि तो तिचा तीच शिकली होती. आपण मुलांना यादी देतो तेव्हा त्यांचं काम सोपं होतं खरं, पण विवेक वापरायची पहिलीच संधी आपण त्यांच्या हातातून काढून घेतो. यादीच्या जागी तीन-चार प्रश्न द्या. आज तुझ्यामुळे कुणाला आनंद झाला? कुणाला दुखलं? कुठली गोष्ट पुन्हा करायची वेळ आली तर वेगळी करशील? मग पाच मिनिटं वर्गात शांतता ठेवा. आठ वर्षांची मुलं पाच मिनिटं शांत बसून स्वतःचा विचार करू शकतात. करू दिला तर करतात.

हे फक्त ख्रिस्ती मुलांपुरतं नाही. आपल्या वर्गांत हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन घरांतली कितीतरी मुलं बसतात. धर्मशिक्षणाच्या तासाला त्यांना नीतिशिक्षणाला पाठवतात आणि पुष्कळदा तिथे एखादी बोधकथा वाचून तास संपतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरचा जाहीरनामा मान्य केला. धर्माच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती करायची नाही, माणसाच्या सदसद्विवेकाचा मान राखायचा, ही शिकवण त्यात आहे. वर्गातल्या प्रत्येक मुलाचा विवेक सारख्याच तोलाचा, असं आपण मानत असू तर नीतिशिक्षणाच्या तासालाही तेवढीच तयारी, तेवढेच चांगले शिक्षक आणि तशीच शांत पाच मिनिटं मिळायला हवीत.

तिसरीपासून पुढे प्रश्न यायला हवेत. इथे भाषेचा मुद्दा येतो आणि तो टाळून चालणार नाही. आपल्या कितीतरी मुलांच्या घरी कादोडी बोलतात, कुणाकडे वाडवळी, कुणाकडे कोळी बोली. बाहेर मराठी, शाळेत इंग्रजी. मुलाला प्रश्न पडतो तो घरच्या भाषेत. तो इंग्रजीत विचारायचा तर वाक्य जुळेपर्यंत तास संपतो, आणि चुकीचं बोललो तर हसतील या धास्तीनं हात वर जातच नाही. मराठी बोलल्याबद्दल दंड घेणाऱ्या शाळा आहेत. अशा दंडातून मुलाच्या मनात ठसतं ते एवढंच की विचारण्यापेक्षा गप्प राहणं बरं. पालकांना इंग्रजी हवं आहे हे मी जाणते आणि मुलांना उत्तम इंग्रजी यावं असं मलाही वाटतं. पण इंग्रजी शिकवायचं म्हणून मुलाला मुकं करायला नको. चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आणली, कारण न समजता म्हटलेली प्रार्थना अपुरी राहते. मग न समजता लिहिलेलं उत्तर पुरं कसं होईल?

प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्याला बाहेरून आणायची गरज नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून झालं, आणि तेही मराठीत, कारण इथल्या माणसांना त्यांच्याच भाषेत वाचायला काही हवं होतं. त्या ग्रंथात श्रोते मध्येच उठून शंका विचारतात आणि पाद्री त्यांना उत्तरं देत पुढे जातो. चारशे वर्षांपूर्वी एका जेझुइट धर्मगुरूला शंका घेणारा श्रोता आपल्या ग्रंथात हवासा वाटला. आणि आपल्याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मराठीत केलेल्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२० साली उस्मानाबादला ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. असा वारसा असलेल्या शाळांत मुलाला त्याच्या भाषेत शंका विचारायला भीती वाटावी, हे आपल्याला शोभत नाही.

चौथी-पाचवीत स्वातंत्र्य कामात दिसायला हवं. या वयात मूल आठवडाभराचं काम आखू शकतं, पुस्तकातून माहिती काढू शकतं, दोघा-तिघांशी जुळवून घेऊन काही उभं करू शकतं. यासाठीच प्रकल्प आले. पण प्रकल्पाचं काय झालं, ते शाळेजवळच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात जाऊन पाहा. ‘पाण्याचे स्रोत’, ‘आपले सण’ यांची चित्रं तयार मिळतात, मजकूरही तयार मिळतो. रात्री आई कापते, बाबा चिकटवतात, मूल झोपलेलं असतं. त्याच मुलांना आपल्या गावातली बावखलं मोजायला पाठवा. गोड्या पाण्याची ही जुनी तळी वसईच्या गावागावांत होती, कितीतरी बुजली, काही अजून आहेत. आजोबांना विचारा, पूर्वी कुठे कुठे होती. आता तिथे काय आहे? पाणी कोण वापरतं? चार पानांची, वेड्यावाकड्या अक्षरातली, मुलानं स्वतः लिहिलेली वही कुठल्याही चकचकीत तक्त्याहून मोलाची आहे. प्रकल्प शाळेच्या वेळेत, शाळेतच होईल, घरी जाणार नाही, असा नियम एका मुख्याध्यापिकेनं केला तरी त्या शाळेतल्या शेकडो घरांतल्या रात्री मोकळ्या होतील.

सहावी-सातवीला मुलं बाराव्या वर्षाच्या आसपास पोचतात. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू सणाहून परतताना आईबापांना न सांगता यरुशलेमला मागे राहतो. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो, गुरुजनांमध्ये बसलेला, त्यांचं ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारत. मरिया रागावते, तशी कुठलीही आई रागावेल. तो आपलं म्हणणं सांगतो. ते त्यांना पुरतं कळत नाही. आणि तरी तो त्यांच्याबरोबर नाझरेथला परत जातो, त्यांच्या आज्ञेत राहतो, ज्ञानानं वाढत जातो. आपण मुलांना या गोष्टीतलं आज्ञेत राहणं तेवढं शिकवतो. पण लूकनं प्रश्न विचारणारा मुलगा आणि आईबापाचं ऐकणारा मुलगा एकाच गोष्टीत, एकाच मुलात दाखवला आहे. सातवीतून बाहेर पडणाऱ्या मुलात या दोन्ही गोष्टी नांदल्या पाहिजेत.

त्यासाठी या वयाला खरं काम लागतं. मॉनिटरनं बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं हे खरं काम नाही, त्यातून चहाड्या शिकतात. सातवीच्या मुलांनी आठवड्यातून एक तास पहिलीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवावी. वाचनालयाची नोंदवही त्यांनी सांभाळावी. नाताळच्या कार्यक्रमाला थोडे पैसे त्यांच्या हाती देऊन हिशोब त्यांनाच लिहू द्यावा. उपवासकाळात गरिबांसाठी पैसे गोळा करायचे असतील तर जास्त आणणाऱ्याला बक्षीस ही पद्धत बंद करावी. मुलानं स्वतःची कुठली गोष्ट सोडायची ते त्यानं ठरवावं, आणि जमलेले पैसे कुठे द्यायचे ते वर्गानं बसून ठरवावं. त्यागाची निवड दुसऱ्यानं केली तर ती वर्गणी होते. मूल ठरवतं तेव्हाच तो त्याग असतो.

शिस्तीचं काय, असं तुम्ही विचाराल. शिस्त हवीच. आपल्या शाळांचा लौकिक तिच्यावर उभा आहे. पण संत डॉन बॉस्को यांनी ट्युरिनच्या रस्त्यावरच्या मुलांबरोबर काम करताना शिस्तीचे तीन आधार सांगितले: बुद्धी, धर्म आणि जिव्हाळा. बुद्धी त्यात पहिली आहे. नियम का आहे हे मुलाला समजावून सांगायचं, म्हणजे शिक्षक पाठमोरा झाला तरी मूल तो पाळतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या २८ ऑक्टोबर १९६५ च्या ख्रिस्ती शिक्षणावरच्या जाहीरनाम्यातही मुलांनी हळूहळू जबाबदारीची परिपक्व जाणीव मिळवावी आणि खऱ्या स्वातंत्र्याकडे जावं, असा हेतू सांगितला आहे. जी शिस्त सातवीनंतर गणवेशाबरोबर उतरते, ती मुलाच्या अंगी लागलेलीच नसते.

तुमच्या अडचणीही मी जाणते. एका वर्गात पन्नास-साठ मुलं, शिक्षकांच्या डोक्यावर कागदपत्रांचा भार, गुण कमी आले की दारात उभे राहणारे पालक. पण मी सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, मुख्याध्यापकांचा ठाम शब्द लागतो. साठ मुलांच्या वर्गात तर मुलं स्वतःचं स्वतः करू लागली तरच शिक्षकाला शिकवायला वेळ उरतो.

सुरक्षिततेचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. मुलांवर लक्ष हवं, फाटकावर पहारा हवा, त्यात तडजोड नको. पण मुलाला खरं संरक्षण त्याच्या आवाजातून मिळतं. मोठ्यांचं निमूट ऐकायचं, एवढंच शिकलेलं मूल नको तसा हात लावणाऱ्या मोठ्या माणसाला नाही म्हणू शकत नाही आणि घरी येऊन सांगूही शकत नाही. जगभरच्या चर्चमध्ये मुलांवर झालेले अत्याचार वर्षानुवर्षं दडून राहिले, त्याला मोठ्यांपुढे मुलांनी बोलायचं नाही ही रीतही कारण झाली. म्हणून आपल्या शाळांनी तरी मुलांना बोलतं करण्यात सगळ्यांच्या पुढे असायला हवं.

आणखी एक गोष्ट. भारताच्या राज्यघटनेच्या कलम ३० नं अल्पसंख्याकांना आपल्या शाळा स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. ६ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळलं. पण त्या कायद्यातल्या काही गोष्टी आपण होऊन पाळाव्यात अशा आहेत: मुलानं करून, शोधून शिकावं, त्याच्या मनात भीती नसावी, शक्य तिथवर मातृभाषेतून शिक्षण व्हावं. आपल्या शाळांचं स्वातंत्र्य राखण्यासाठी समाज कोर्टापर्यंत गेला. ते स्वातंत्र्य व्यवस्थापनाच्या कार्यालयातच अडून राहिलं आणि तिसरीच्या बाकापर्यंत पोचलं नाही, तर ते कशासाठी मिळवलं?

माझी विनंती नेमकी आहे. येत्या वर्षापासून प्रगतिपुस्तकात एक पान वाढवा. मूल स्वतः काय करू लागलं, त्याची नोंद त्यावर करा. पहिलीला: डबा, बूट, रेनकोट स्वतः सांभाळतं. दुसरीला: वेळापत्रक पाहून दप्तर भरतं. तिसरीला: स्वतःच्या प्रश्नांची वही ठेवतं, कुठल्याही भाषेत. चौथीला: एका प्रश्नाचं उत्तर पुस्तकातून किंवा माणसांना विचारून शोधतं. पाचवीला: आठवड्याचं काम आखून पुरं करतं. सहावीला: धाकट्याला काही शिकवतं. सातवीला: चारचौघांत वेगळं मत शांतपणे मांडतं आणि घेतलेली जबाबदारी निभावतं. या पानावर गुण नकोत, श्रेणी नको. शिक्षकाची दोन ओळींची नोंद पुरे. मात्र पालकसभेत सगळ्यांत आधी हे पान उघडा. तुम्ही कशाला महत्त्व देता, ते पालक पाहतात आणि घरी तेच करतात.

जूनच्या पहिल्या पालकसभेत पालकांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: दप्तर फाटकापासून पुढे मूल स्वतः आणेल, आणि गृहपाठ मूल स्वतः करेल, चुकला तरी चालेल. पहिल्या महिन्यात तक्रारी येतील. वह्या विसरतील, डबे सांडतील, उत्तरं चुकतील. त्या महिन्यात शिक्षकांच्या पाठीशी उभे राहा. ऑगस्टपर्यंत बरीचशी मुलं सावरतील आणि वर्गात हात वर होऊ लागतील. सातव्या वर्षी बरं-वाईट कळतं असं चर्चनं १९१० सालीच मान्य केलं आहे. आता त्या मुलांना रोज, शाळेच्या प्रत्येक तासाला, ते वापरून पाहू द्या. हे करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही, तुमच्या एका निर्णयाची आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
वसई